घरगुती सौर पॅनेल: घरमालकांच्या मनातील शंका आणि त्यांची उत्तरे

महाराष्ट्रात स्वतःच्या छतावर सौर पॅनेल बसवू पाहणारे किंवा नुकतेच बसवलेले घरमालक जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सर्व उत्तरे वीज कंपनीच्या जाळ्याशी जोडलेल्या घरगुती प्रकल्पांविषयी आहेत. शेतीपंपांचे प्रश्न निराळे असल्याने ते येथे घेतलेले नाहीत.

पॅनेल बसवल्यानंतर वीजबिल शून्य येते, हे खरे आहे का?

वापरलेल्या युनिटांची रक्कम शून्यावर येऊ शकते, परंतु संपूर्ण बिल शून्य होत नाही. बिलातील स्थिर आकार हा जोडणी घेतल्याबद्दलचा आकार आहे. सूर्य तळपत असो वा नसो, रात्री आणि पावसाळ्यात तुम्ही वीज कंपनीच्या तारांवरच अवलंबून असता, म्हणून तो दरमहा द्यावाच लागतो. ‘शून्य बिल’ अशी जाहिरात पाहून पैसे भरलेल्या ग्राहकाला पहिल्याच महिन्यात काही रुपयांचे बिल आले की फसवणूक झाल्यासारखे वाटते. यात दोष जाहिरातीचा असतो, पॅनेलचा नसतो.

बचतीच्या हिशेबात आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतो: पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, १०१ ते ३०० युनिटांचा त्याहून बराच जास्त आणि पुढील टप्प्यांचा आणखी चढा. सौर वीज तुमच्या वापरातून प्रथम वरच्या, म्हणजे महागड्या टप्प्यातील युनिटे कमी करते. म्हणूनच महिन्याला ३०० ते ४०० युनिटे वापरणाऱ्या कुटुंबाचा खर्च लवकर वसूल होतो, तर ७०-८० युनिटांत भागणाऱ्या घराला तीच यंत्रणा वसूल व्हायला कितीतरी जास्त वर्षे लागतात. अशा छोट्या वापराच्या घराने शेजाऱ्याचे पाहून ३ किलोवॉटचा प्रकल्प घेण्यात शहाणपण नाही.

मोबाइल अॅपमध्ये महिन्याची निर्मिती ३६० युनिटे दिसते, पण बिलात निर्यात फक्त २१० युनिटे आहे. उरलेली १५० युनिटे कुठे गेली?

ती तुमच्याच घरात वापरली गेली. सर्वाधिक तक्रारी याच गैरसमजातून निर्माण होतात, त्यामुळे हा हिशेब नीट समजून घ्यावा.

छतावर तयार झालेली वीज आधी घरात जाते. त्या क्षणी फ्रिज, पंखा, पाण्याची मोटर किंवा मिक्सर जे काही चालू असेल ते तिच्यावर चालते आणि जे उरते तेवढेच नेट मीटरमधून बाहेर पडते. अॅपमधील आकडा इन्व्हर्टरने, म्हणजे पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राने, मोजलेली एकूण निर्मिती दाखवतो. नेट मीटर मात्र निर्मिती मोजतच नाही. त्याच्यावर दोनच मुख्य नोंदी असतात, बाहेरून घरात आलेली युनिटे आणि घरातून बाहेर गेलेली युनिटे. समजा निर्मिती ३६० युनिटे झाली, त्यांपैकी दिवसा घरात १५० वापरली गेली आणि २१० बाहेर गेली, तर संध्याकाळपासून सकाळपर्यंत तुम्ही बाहेरून १६० युनिटे घेतली असता घराचा एकूण वापर ३१० युनिटांचा झाला. बिलात मात्र आयात १६० आणि निर्यात २१० एवढेच दिसेल आणि उरलेली ५० युनिटे पुढील महिन्याच्या खात्यावर जमा होतील.

खरी शंका घ्यायची ती वेगळ्या वेळी. निर्मितीतून निर्यात वजा करून आलेला आकडा घरातील दिवसाच्या वापराशी अजिबात जुळत नसेल, म्हणजे घर दिवसभर बंद असूनही शे-दीडशे युनिटे ‘वापरली’ गेलेली दिसत असतील, तर मीटरवरील दोन्ही नोंदींचे छायाचित्र काढावे आणि वीज कंपनीकडे लेखी तक्रार करावी. दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला हे छायाचित्र काढून ठेवण्याची सवय लावून घेतली, तर वाद उद्भवल्यावर पुरावा हाताशी राहतो. निर्यात झालेली युनिटे दिवसाच्या कोणत्या वेळेतील वापरातून वजा व्हायची, हे राज्य वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशांवरून ठरते, म्हणून प्रकल्पासाठी अर्ज करण्यापूर्वी चालू आदेश पाहणे आवश्यक आहे.

भर दुपारी लख्ख ऊन असताना बाहेरची वीज गेली, की आमच्या घरातलीही जाते. यंत्रणेत बिघाड आहे का?

बिघाड नाही. जाळ्याशी जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरील पुरवठा खंडित होताच स्वतःहून बंद पडावा, अशीच त्याची रचना असते. तसे झाले नाही, तर तुमच्या छतावरची वीज बाहेरच्या तारांमध्ये जाईल आणि वीज बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावरही घर चालू राहायला हवे असेल, तर हायब्रिड, म्हणजे बॅटरीवरही चालू शकणारा, इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यावी लागते. बॅटरीने खर्च बराच वाढतो, तिच्यासाठी अनुदानाची रक्कम वाढत नाही आणि तिचे आयुष्य पॅनेलपेक्षा पुष्कळ कमी असते. ज्या भागात वीज आठवड्यातून एखाद-दुसरा तास जाते, तेथे वीज गेल्यावर वापरण्यासाठी पूर्वीपासून घरात असलेला बॅटरीचा इन्व्हर्टरच पुरेसा आहे.

गरजेपेक्षा जास्त पॅनेल लावून वीज विकली, तर उत्पन्न मिळेल ना?

घरगुती प्रकल्पाकडे व्यवसाय म्हणून पाहू नये. शिल्लक युनिटे महिन्यामागून महिना पुढे जातात, पण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपताच जी युनिटे उरतात त्यांचे पैसे घरगुती दरापेक्षा पुष्कळच कमी असलेल्या दराने पुढील बिलात वळते केले जातात. त्याशिवाय, प्रकल्पाची क्षमता बिलावर छापलेल्या मंजूर भाराशी, म्हणजे तुमच्या जोडणीला मंजूर झालेल्या किलोवॉटशी, जुळवावी लागते. मागील १२ महिन्यांची बिले समोर ठेवून वर्षाचा एकूण वापर काढावा आणि १ किलोवॉटमागे महिन्याला सरासरी १२० युनिटे धरून क्षमता ठरवावी. पुढील दोन-तीन वर्षांत विजेवर चालणारी गाडी किंवा एसी घेण्याचा विचार पक्का असेल, तर थोडी जास्त क्षमता समर्थनीय ठरते.

आमच्याकडे विदर्भात ४५ अंशांचे ऊन असते. म्हणजे आम्हाला सर्वाधिक वीज मिळणार?

पॅनेलला हवा असतो प्रकाश, उष्णता नव्हे. पॅनेलवर छापलेली क्षमता सौरघटाचे, म्हणजे प्रकाशापासून वीज तयार करणाऱ्या पॅनेलमधील छोट्या भागाचे, तापमान २५ अंश असताना मोजलेली असते. त्यापुढील प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के निर्मिती घटते. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यातील दुपारी पॅनेलचे तापमान ६५ अंशांच्या घरात गेले, तर त्या क्षणी क्षमतेतील १२ ते १६ टक्के वीज केवळ उष्णतेपायी हातची जाते. तरीही आकाश स्वच्छ आणि दिवस मोठा असल्याने महिन्याची एकूण निर्मिती चांगलीच असते. फक्त मार्चचा आकडा मेच्या बरोबरीने किंवा त्याहूनही जास्त आला, तर दचकू नये. पत्र्याच्या छपरावर पॅनेल अगदी चिकटवून बसवले, तर खालून वारा खेळत नाही आणि ही घट आणखी वाढते, म्हणून मध्ये पुरेशी मोकळी जागा सोडण्याचा आग्रह धरावा.

आणि पावसाळ्यात वीज तयार होतच नाही?

होते, पण कमी होते. ढगांतून झिरपणाऱ्या प्रकाशावरही पॅनेल चालतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर जुलै-ऑगस्टची निर्मिती मार्चच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, मराठवाड्यात ही घट सौम्य असते. वर्षाची सरासरी काढताना ही तूट आधीच धरलेली असते. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे सह्याद्रीच्या कुशीतील गाव २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. तेथेही पाऊस काही कमी पडत नाही.

आर्थिक वर्षाची रचना येथे ग्राहकाच्या थोडी पथ्यावर पडते. नवे वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये साठलेली शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते. याउलट फेब्रुवारी-मार्चची शिल्लक ३१ मार्चला स्वस्तात जाते, त्यामुळे ज्यांना उन्हाळी कामांसाठी वीज जास्त लागते त्यांनी ती मार्चअखेरीस वापरण्यात हात आखडता घेऊ नये.

पाण्याच्या टाकीची थोडीशी सावली पडते. तेवढ्याने काय बिघडते?

बरेच बिघडते. घरगुती प्रकल्पात पॅनेल एकापुढे एक असे साखळीत जोडलेले असतात आणि साखळीतील सर्वांमधून एकच प्रवाह वाहतो. एका पॅनेलचा कोपरा सावलीत गेला, की त्या भागातील सौरघट प्रवाह अडवू लागतात. असे होऊ नये म्हणून पॅनेलमध्ये बहुधा तीन बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे भाग, बसवलेले असतात. त्यांच्यामुळे साखळीतील बाकीचे पॅनेल चालू राहतात, पण सावलीतील पॅनेलचा एक तृतीयांश भाग निर्मितीतून बाद होतो. म्हणजे हातभर सावलीची किंमत हातभर जागेपेक्षा जास्त असते.

मोठा घोळ होतो तो पाहणीच्या तारखेमुळे. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने येथे मेमध्ये आणि पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये शून्य सावलीचे दिवस येतात. पुण्यात मेच्या मध्यास माध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत कंत्राटदाराने गच्चीवर येऊन ‘सावली नाही’ असा निर्वाळा दिला, तर तो त्या दिवसापुरता खराच असतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र हाच सूर्य माध्यान्हीलाही क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. दीड मीटर उंचीच्या टाकीची सावली तेव्हा दुपारी उत्तरेकडे सुमारे १.३५ मीटर पडते आणि सकाळी साडेनऊच्या सुमारास ती अडीच मीटरच्याही पुढे जाते. म्हणून टाकी, जिन्यावरची खोली, डिश अँटेना आणि शेजारचा नारळ यांच्या उत्तरेकडील जागा पॅनेलसाठी निवडताना हिवाळ्यातील सावलीचा नकाशा मागावा. मार्गशीर्ष-पौषात स्वतः गच्चीवर जाऊन नऊ, बारा आणि तीन वाजता खडूने सावलीच्या कडा आखून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. सावली टाळणे शक्यच नसेल, तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र छोटा (मायक्रो) इन्व्हर्टर लावता येतो, मात्र त्याचा खर्च वेगळा येतो.

पॅनेलच्या वजनाने स्लॅबला धोका होईल का? गच्ची गळू लागेल का?

वजनाची भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. साडेपाचशे वॉटच्या आसपासचे एक पॅनेल सुमारे २.३ मीटर लांब, १.१ मीटर रुंद आणि २८ किलो वजनाचे असते. ३ किलोवॉटसाठी अशी सहा पॅनेल लागतात. लोखंडी सांगाडा धरूनही हा भार चौरस मीटरमागे साधारण २० किलोच्या आसपास राहतो, तर माणसांचा वावर असणारी गच्ची चौरस मीटरमागे दीडशे किलो भार गृहीत धरून बांधलेली असते. जुन्या, लोखंड गंजून गिलावा पडू लागलेल्या स्लॅबची गोष्ट वेगळी आहे. तेथे स्थापत्य अभियंत्याचा अभिप्राय घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

काळजी करायची ती वाऱ्याची. तिरके पॅनेल वाऱ्याच्या झोताने वर उचलले जाते आणि सांगाडा जितका उंच तितकी ही ओढ वाढते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेले, तेव्हापासून कोकणात तरी सांगाड्याची मजबुती हा दुय्यम विषय राहिलेला नाही. तेथे गरम जस्ताच्या द्रावात बुडवून मुलामा दिलेला सांगाडा आणि स्टेनलेस स्टीलचे नटबोल्ट यांवर तडजोड करू नये, कारण खाऱ्या हवेत साध्या रंगवलेल्या लोखंडाला दोन-तीन पावसाळ्यांतच गंज चढू लागतो.

गळतीची भीती मात्र रास्त आहे. कोब्यातून आरपार भोके पाडून बोल्ट ठोकले, की पाणी कोब्याखाली शिरते, दूरवर कुठेतरी छतातून ठिबकते आणि उगम सापडत नाही. त्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांत सांगाड्याचे पाय बसवावेत. जलरोधनाचे काम येत्या चार-पाच वर्षांत करावेच लागणार असेल, तर ते आधी उरकून घ्यावे, कारण नंतर पॅनेल उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी चांगलीच बोचते. सांगाडा सात-आठ फूट उंच घेतला, तर गच्ची वापरात राहते हे खरे. परंतु त्याखाली सावली असते, तेव्हा कुरडया-पापडांचे वाळवण घालणाऱ्या घरांनी एक कोपरा मोकळाच ठेवावा. पॅनेलखालची खोली उन्हाळ्यात काहीशी थंड राहते, हा त्याच सावलीचा लाभ आहे.

आमचे घर कौलारू आहे. मग सौर पॅनेल विसरायचे का?

विसरण्याची गरज नाही. सांगाड्याचा भार कौलांवर न देता खालच्या वाशांवर द्यावा लागतो आणि त्यासाठी वासे सुस्थितीत असणे आवश्यक असते. कोकणात आणि गोव्यात ही कामे नेहमी होतात. उतार दक्षिणेकडे असेल तर उत्तमच, पण पूर्व-पश्चिम उतारांवरही थोड्या कमी निर्मितीत भागते. वानरांचा उपद्रव असलेल्या गावांत वायरी उघड्या न ठेवता नळीतून न्याव्यात.

गारपिटीत पॅनेल फुटतात का? आणि ती आकाशातील वीज ओढून घेतात का?

पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने काचेवर मारले जातात. नेहमीच्या गारा त्यामुळे सहन होतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये मराठवाड्यात झाली तशा मोठ्या गारपिटीत मात्र काच फुटू शकते, आणि तेवढ्यासाठी घराच्या विम्यात पॅनेलचा उल्लेख करून घ्यावा.

आकाशातील वीज पॅनेलकडे विशेष आकर्षित होत नाही. जवळपास वीज कोसळल्यावर तारांमधून येणारा दाबाचा झटका मात्र इन्व्हर्टर जाळू शकतो. म्हणून तडितरोधक (कोसळणारी वीज जमिनीत नेणारा दांडा), पॅनेलची बाजू आणि घराची बाजू यांसाठी तीन स्वतंत्र अर्थिंग असावेत आणि ते प्रत्यक्ष जमिनीत पुरले जात असताना घरच्या कोणीतरी उभे राहून पाहावे. कंत्राटदाराला काटकसर सुचते ती बहुधा येथेच.

गच्चीवर आधीच ‘सोलर’ आहे. मग पुन्हा पॅनेल कशाला?

पुण्या-नाशिककडील अनेक गच्च्यांवर दिसणारा काचेच्या नळ्यांचा संच पाणी तापवतो, वीज तयार करत नाही. दोन्ही यंत्रणा एकाच गच्चीवर नांदू शकतात. अंघोळीचे पाणी तापवण्याचे काम तो संच उत्तम करतो, त्यामुळे तो काढून टाकण्याचा सल्ला मिळाल्यास मानू नये. फक्त त्याच्या टाकीची सावली पॅनेलवर येणार नाही, हे पाहावे.

सरकार पॅनेल मोफत देते, असे फोन येतात. ते खरे आहेत का?

नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजनेत अनुदान मिळते: पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. प्रकल्प ५ किलोवॉटचा घेतला, तरी केंद्राचे हे अनुदान वाढत नाही. ‘मोफत वीज’ याचा अर्थ तुमच्या छतावर तयार झालेल्या विजेसाठी पैसे मोजावे लागत नाहीत, एवढाच घ्यावा. उरलेली रक्कम ग्राहकाने स्वतः किंवा बँकेच्या कर्जातून उभी करायची असते. अनुदान प्रकल्प सुरू होऊन तपासणी झाल्यानंतर थेट ग्राहकाच्या खात्यात जमा होते, म्हणून ‘अनुदान मिळवून देण्याचे’ वेगळे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. अनुदानासाठी पॅनेल आणि त्यातील सौरघट दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. स्वस्तातील परदेशी पॅनेल घेतल्यास अनुदानावर पाणी सोडावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर पॅनेलवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे, तेव्हा जुन्या दराने दिलेले कोटेशन पुन्हा मागून घ्यावे.

कागदपत्रांतील एक अडचण जवळजवळ प्रत्येक गावात दिसते. वीजबिल अजूनही वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असते आणि अर्ज मुलगा करतो. नावे जुळली नाहीत, तर अर्ज आणि अनुदान दोन्ही अडकतात. वारसाच्या नावावर जोडणी करून घेण्याचे काम आधी संपवावे. त्यानंतरची वाट सोपी आहे, कारण १० किलोवॉटपर्यंतच्या घरगुती प्रकल्पांना २०२४ च्या नियमबदलानंतर तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची अट राहिलेली नाही.

एकदा बसवले की २५ वर्षे पाहावे लागत नाही, असे विक्रेता म्हणतो.

पंचवीस वर्षांची हमी पॅनेलच्या कार्यक्षमतेची असते. वर्षाला अर्ध्या ते पाऊण टक्क्याच्या आसपास घट धरून तेवढ्या काळानंतरही ते मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आगेमागे वीज देतील, एवढेच तिच्यात म्हटलेले असते. पॅनेलच्या बांधणीतील दोषांची हमी वेगळी आणि कमी वर्षांची असते. इन्व्हर्टरची आणखी कमी असते आणि तो या काळात किमान एकदा बदलावा लागेल असे धरूनच हिशेब मांडावा.

निगा म्हणजे मुख्यतः धूळ आणि कबुतरांची विष्ठा काढणे. कोरड्या महिन्यांत पंधरा दिवसांतून एकदा साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पॅनेल पुसावेत, तेही सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी ओतल्यास ती तडकण्याची भीती असते. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याचा पांढरा थर काचेवर बसतो आणि तो धुळीपेक्षा चिवट असतो, त्यामुळे शक्य असेल तेथे नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी वापरावे.

पॅनेलमधून घातक किरण बाहेर पडतात का? आणि निकामी झाल्यावर त्यांचे काय करायचे?

पॅनेल प्रकाश घेतात आणि एकदिश (डीसी) वीज देतात. त्यांतून किरणोत्सर्ग होत नाही. निकामी पॅनेलमध्ये मुख्यतः काच, अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन असते, पण जोडांमध्ये थोडे शिसेही असू शकते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या कक्षेत सौर पॅनेल येतात, त्यामुळे ते भंगारवाल्याला फोडायला देऊ नयेत.

आम्ही फ्लॅटमध्ये राहतो. आम्हाला काहीच करता येणार नाही?

इमारतीची गच्ची सामाईक असल्याने एकट्या सदनिकाधारकाला तेथे परस्पर पॅनेल लावता येत नाहीत, पण सोसायटीला लावता येतात. लिफ्ट, पाण्याचे पंप आणि जिन्यातील दिवे यांच्या सामाईक मीटरवर प्रकल्प जोडल्यास देखभाल खर्चात दरमहा दिसणारी घट होते. अशा सामाईक सुविधांसाठी याच योजनेत किलोवॉटमागे १८,००० रुपयांचे अनुदान असून त्याची मर्यादा ५०० किलोवॉटपर्यंत आहे. मुंबईत पुरवठादार महावितरण, बेस्ट, अदानी किंवा टाटा यांपैकी कोण आहे ते पाहून अर्ज करावा लागतो. त्याआधी सर्वसाधारण सभेत ठराव मंजूर करून घ्यावा आणि त्यात गच्चीच्या दुरुस्तीच्या वेळी पॅनेल हलवण्याचा खर्च कोण करणार, हे स्पष्टपणे लिहून ठेवावे. वरच्या मजल्यावरील सभासदांचा विरोध बहुतेक वेळा गळतीच्या भीतीपोटीच असतो आणि या एका कलमाने तो पुष्कळसा मावळतो.